खुंट्याजवळचा दाणा

क्षयाच्या जंतूबद्दलचा सर्वांत अवघड प्रश्न त्याच्या शोधाबरोबरच जन्माला आला. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे ठेवला, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की क्षयाच्या गाठींतल्या मोठमोठ्या पेशींच्या पोटात तो दिसतो. त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉव्ह या प्राणिशास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला होता. परकं काही दिसलं की गिळून पचवणाऱ्या या पेशींना भक्षक पेशी हे नाव मिळालं. त्यांतल्या थोरल्या त्या महाभक्षक, म्हणजेच मॅक्रोफेज.

मेचनिकॉव्ह यांच्यासाठी क्षय हा नुसता अभ्यासाचा विषय नव्हता. त्यांची पहिली पत्नी ल्युडमिला लग्नाच्या दिवशीच इतकी खंगलेली होती की तिला खुर्चीवर बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. 1873 साली मदेइरा बेटावर ती क्षयानं गेली. पुढे 1888 साली मेचनिकॉव्ह यांनी मांडलं की क्षयाच्या गाठीतल्या त्या मोठ्या पेशीही भक्षकच आहेत. म्हणजे कॉख यांनी पाहिलेले जंतू पेशींनी गिळलेले होते. गिळल्यावर ते मरायला हवे होते. रोगी मात्र मरत होते.

पुढची साठ-पासष्ट वर्षं या प्रश्नाला फारशी गती मिळाली नाही. पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवण्याचं तंत्र पक्कं झाल्यावर, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, इमॅन्युएल सुटर यांनी दाखवलं की काचेत वाढवलेल्या महाभक्षक पेशींच्या आत क्षयाचे जहाल जंतू नुसते तग धरत नाहीत, त्यांची संख्या वाढते. 1955 साली बेल्जियममधल्या क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी पेशीतल्या पाचक कप्प्यांना लायसोसोम हे नाव दिलं, आणि पेशी गिळलेलं पचवते कशी याचं चित्र स्पष्ट होऊ लागलं. पेशी जंतूला आपल्याच पडद्याच्या पिशवीत लपेटून आत ओढते. ही पिशवी म्हणजे फॅगोसोम. नंतर लायसोसोम येऊन तिला मिळतात आणि आपल्यातलं आम्ल व विकरं तिच्यात ओततात. बहुतेक जंतूंची कहाणी तिथेच आटोपते.

या कुळकथेतलं मला सर्वांत जवळचं पान लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत लिहिलं गेलं. फिलिप डार्सी हार्ट यांचा जन्म 1900 सालचा. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची 1948 साली प्रसिद्ध झालेली प्रख्यात चाचणी घडवून आणणाऱ्यांत ते होते. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचं हे तिच्यात डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता यादृच्छिक आकड्यांवर सोपवलं होतं. औषध मिळालेल्या 55 जणांपैकी 4 जण सहा महिन्यांत दगावले. नुसती विश्रांती मिळालेल्या 52 पैकी 14. पण औषध मिळालेल्या पुष्कळ रुग्णांच्या शरीरातले जंतू लवकरच त्याला दाद देईनासे झाले. हार्ट 1965 साली निवृत्त झाले आणि ज्या वयात माणसं आठवणी लिहितात, त्या वयात प्रयोगशाळेत जाऊन बसले. त्यांना आता रुग्णाच्या छातीत नाही, एकेका पेशीत डोकवायचं होतं.

अडचण साधी होती, पण मोठी. लायसोसोम जंतूच्या पिशवीला मिळाला की नाही, हे डोळ्यांनी पाहायचं कसं? हार्ट आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणारे जॉन आर्मस्ट्राँग यांनी उंदराच्या उदरपोकळीतल्या महाभक्षक पेशी काचेत वाढवल्या आणि त्यांना आधी फेरिटिन दिलं. फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन. ते लायसोसोममध्ये जाऊन साठतं आणि त्यातल्या लोहामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांसारखं दिसतं. मग त्या पेशींना जंतू दिले. जंतूच्या पिशवीत काळे ठिपके दिसले तर लायसोसोम येऊन मिळाला. नाही दिसले तर नाही. जे दिसलं ते 1971 साली प्रसिद्ध झालं. मेलेल्या किंवा मोडक्या जंतूंच्या पिशव्या ठिपक्यांनी भरलेल्या होत्या. धडधाकट जिवंत जंतूंच्या पिशव्या बहुतांशी कोऱ्या. लायसोसोम शेजारीच असत, पण मिळून जात नसत. जिवंत जंतू ही भेट होऊ देत नव्हता.

इथे थांबले असते तरी दोघांचं नाव राहिलं असतं. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: ही भेट घडवून आणली तर जंतू मरेल का? त्यांनी जंतूंना सशाच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं लावली आणि मग ते पेशींना दिले. आता पिशव्या लायसोसोमना मिळू लागल्या. जंतू मात्र तरीही जगले, वाढले. 1975 साली त्यांनी हेही तितक्याच स्पष्टपणे छापलं. मला हा दुसरा निबंध पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. पहिल्यानं एक सुबक उत्तर दिलं आणि ते पाठ्यपुस्तकांत गेलं. दुसऱ्यानं त्या उत्तराचा अपुरेपणा दाखवला, तोही ते शोधणाऱ्यांच्याच हातून. क्षयाच्या जंतूचा एकच डाव नाही, हे तिथून पुढे कुणालाही नाकारता येणार नव्हतं.

त्यानंतरचा इतिहास हे डाव एकेक करून उघडे पाडण्याचा आहे. 1994 साली डेव्हिड रसेल यांच्या गटानं क्षयाच्या भावकीतल्या एका जंतूवर काम करून दाखवलं की त्याच्या पिशवीवर आम्ल आत ढकलणारा पंपच फारसा बसलेला नसतो. म्हणून तिथला सामू साडेसहाच्या आसपासच राहतो. लायसोसोममध्ये तो पाचाच्याही खाली जातो. 1997 साली व्होयो डेरेटिच यांच्या गटाला दिसलं की पिशवी परिपक्व होण्याच्या वाटेवर एका ठराविक टप्प्याशी अडकते. रॅब 5 हे सुरुवातीचं प्रथिन तिच्यावर असतं, पुढच्या टप्प्याचं रॅब 7 येत नाही. पुढे सरकायला लागणारी पडद्यावरची मेदखूण जंतूचंच एक विकर पुसून टाकतं, हेही नंतर कळलं. जात्यात पडूनही खुंट्याला धरून राहिलेला दाणा भरडला जात नाही, तसा हा जंतू पेशीच्या पोटात राहतो. फरक इतकाच, की ही जागा त्याला दैवानं मिळालेली नाही. तो ती स्वतः घडवतो.

आणि काही वेळा तो पिशवी फोडून बाहेरही पडतो. 2007 साली अॅम्स्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून क्षयाचे जंतू पेशीद्रवात मोकळे पाहिले. बीसीजी लशीतला जंतू मात्र पिशवीतच राहिला. काल्मेत आणि गेरँ यांनी 1908 ते 1921 या काळात फ्रान्समधल्या लील इथे गायीच्या क्षयाचा जंतू पुन्हा पुन्हा वाढवत ही लस तयार केली. त्या वर्षांत त्याच्या जनुकसंचाचा एक तुकडा गळून गेला होता. पडदा भेदणाऱ्या यंत्रणेची जनुकं नेमकी त्याच तुकड्यात होती. आपल्या बाळांच्या दंडावर टोचली जाणारी लस सौम्य आहे, त्याचं एक मोठं कारण हे.

बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या ललिता रामकृष्णन यांनी तर जुनी समजूतच हलवली. क्षयाची गाठ म्हणजे शरीरानं जंतूभोवती बांधलेला कोट, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांमध्ये, माशांना होणाऱ्या क्षयाच्या जंतूवर, त्यांच्या गटानं 2009 साली दाखवलं की कोवळ्या गाठीत नव्या महाभक्षक पेशी येतात, मरणाऱ्या बाधित पेशींना गिळतात आणि आतले जंतूही स्वतःत घेतात. अशानं जंतूंना घरामागून घर मिळत जातं.

तरीही बहुतेक बाधित माणसं आजारी पडत नाहीत. प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशींकडून गॅमा इंटरफेरॉन या प्रथिनाचा निरोप आला की महाभक्षक पेशी चेततात, अडलेल्या पिशव्या पुढे सरकू लागतात आणि जंतूंची वाढ रोखली जाते. एचआयव्हीनं टी पेशीच संपवल्या की निरोप देणारं कुणी उरत नाही; म्हणून त्या रुग्णांना क्षय इतक्या सहज गाठतो.

डार्सी हार्ट 2006 साली, वयाच्या 106 व्या वर्षी वारले. त्यांच्या त्या काळ्या ठिपक्यांचा संबंध आपल्या घरातल्या गोळ्यांच्या पाकिटाशी आहे. पेशींच्या आत आणि गाठींच्या गाभ्यात दडलेले जंतू हळू वाढतात, काही जवळजवळ निपचित पडून राहतात, आणि अशांवर औषधं सावकाश चालतात. म्हणूनच साध्या क्षयाचा प्रचलित उपचार सहा महिन्यांचा असतो. खोकला काही आठवड्यांतच कमी होतो, भूक लागते, वजन वाढतं. पण जंतू तेवढ्यात संपलेले नसतात. तुमच्या घरात, शेजारी, कामावर कुणाचा उपचार चालू असेल, तर डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत त्याची एकही गोळी चुकू देऊ नका.