गादमाशीने पासवर्ड फोडला तेव्हा

आपल्या गोरेगावच्या बांधीत हिरव्या धानात मधेच चंदेरी नळी दिसली, की जुनी माणसं लगेच ओळखतात: गादमाशी. तिची अळी फुटव्याच्या आत बसते. फुटव्याची पोकळ नळी होते, लोंबी येतच नाही. आतल्या अळीपर्यंत फवारा नीट पोचत नाही. म्हणून खरा इलाज म्हणजे तिला दाद न देणारा वाण.

१९६६ मध्ये आलेला आयआर-८ भरपूर पिकायचा, पण गादमाशीपुढे टिकायचा नाही. पैदासकारांनी त्याचा संकर थायलंडच्या सयाम-२९ शी केला. त्यातून ‘फाल्गुना’ हा वाण निघाला. आंध्रात तो खूप पेरला गेला. पण त्याची सगळी भिस्त एकाच जनुकावर, जीएम-२ वर होती. १९८६ च्या सुमारास श्रीकाकुळम भागात गादमाशीच्या नव्या प्रकाराने तो किल्ला फोडला.

सगळ्या खात्यांना एकच पासवर्ड ठेवल्यावर काय होतं, तेच झालं!

आता पैदासकार एकाच वाणात दोन-तीन जनुकं आणतात. आपला जिल्हा १९९९ पर्यंत ज्या भंडाऱ्यात होता, तिथल्या साकोली केंद्रातही गादमाशीसाठी वाण तपासले जातात. म्हणून बियाणं घेताना नुसतं ‘उत्पन्न किती?’ नको, ‘गादमाशीला टिकतो का?’ हेही विचारा. भेटू पुढच्या भागात!