पावाच्या साच्यातला नाताळ

आमच्या घरचा नाताळचा केक गोल नव्हता, लांबट होता. कारण साधं: साचा पावाचा, तोही बेकरीतून उसना आणलेला. आजी मिश्रण घरी फेटायची आणि मी ते फडक्याखाली झाकून साताऱ्यातल्या बेकरीत न्यायचे. पाव काढून झाले की भट्टीची धग उतरायला लागते. त्या उतरत्या धगीत केक हळूहळू व्हायचा. दिवाळीला तिथंच अख्ख्या आळीची नानकटाई भाजून निघे. साच्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आजी वर बदामाचे काप लावून क्रूस करायची. तिला बदाम परवडायचे ते तेवढेच.

आजी पूर्वी मिरजेच्या मिशन इस्पितळात नर्स होती. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली उभारलेलं ते इस्पितळ. केक तिनं तिथल्या एका मडमेकडून उचलला, पण रम सोडून. मिशनच्या माणसांना दारू वर्ज्यच होती, आणि 1949 साली तर दारूबंदीचा कायदाच आला. मग किसमिस भिजायची संत्र्याच्या रसात. मसाल्याला जायफळ, लवंग, दालचिनी, आणि सुंठेऐवजी ताजं सातारी आलं किसून. ते जास्त झालं तर केकला खोकल्याच्या काढ्याचा वास येतो, हे मी स्वतः करून पाहिलंय! रंगासाठी साखर जाळायची. कढईतून धूर निघाला की शेजारच्या काकू हाक मारायच्या, "अगं, काय करपलं?"

किसमिस वाण्याकडून मोजून मापून येई. मूठभर पडली तरी खूप. हा हात सैल झाला तो तासगावकडच्या द्राक्षांमुळं. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेला वाण ‘तास-ए-गणेश’ म्हणून गाजला. नावातला ‘तास’ तासगावचा आणि ‘ए’ आर्व्यांचा. बाजारात भाव पडला की द्राक्षं बेदाण्याच्या शेडवर जातात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून सावलीत जाळ्यांवर पसरतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या केकमध्ये मात्र तो त्याच्या कितीतरी आधी, मुठीऐवजी वाटीनं पडायला लागला होता.

आणि केकमधली स्ट्रॉबेरी? ती घाटावरची पाहुणी. 1828 साली गव्हर्नर माल्कमनं महाबळेश्वरला गोऱ्यांचं थंड हवेचं ठिकाण वसवायला घेतलं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी ती जागा दिली आणि बदल्यात खंडाळा गाव घेतलं. बंगल्यांबरोबर विलायती भाजी आली, फळं आली. तिथल्या तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाटा आणि भाजीपाला पिकवून बाजाराला पुरवला, हे पर्यटकांना कुणी सांगत नाही. पुढं 1959 मध्ये पाचगणीत किशोर व्होरांनी मॅप्रो ही कंपनी सुरू केली आणि फळाचा जॅम गावोगाव गेला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला मानांकन मिळालं 2010 मध्ये.

नोव्हेंबर संपता संपता पहिल्या तोडणीच्या पेट्या साताऱ्यात उतरतात. भाव तेव्हा चढा असतो, फळ आंबटसर. आईनं एकदा हौसेनं ताजे तुकडे घातले. सगळं पाणी तळाशी गेलं आणि केक खालून शिरा झाला. तेव्हापासून फळ आधी साखरेत आटवायचं, थंड करायचं, मैद्यात घोळवायचं. फळ घट्ट होऊन केकमध्ये लालसर रेघा उरतात.

आता माझ्याकडं विजेचा ओव्हन आहे. ती भट्टी बंद झाली त्याला बरीच वर्षं झाली. साचा अजून तोच, एका कोपऱ्यात चेपलेला. आजीनं तो उसना आणला होता. परत द्यायचा राहूनच गेला.