पेंढा, पालखी आणि कचरा



नाताळनंतर आमच्या इच्छापोरला गव्हाणीचा देखावा उतरवत होतो. पेंढ्याच्या पिशवीवर एका मुलाने चिठ्ठी लावली, 'लिटर'. त्याला इंग्रजीतला कचरा म्हणायचा होता. दुसऱ्याने विचारलं, "किती लिटर?" मराठीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, त्याचा काय दोष!

गंमत म्हणजे हा शब्द मुळात पेंढ्याच्याच घरचा. लॅटिनमध्ये 'लेक्टुस' म्हणजे बिछाना. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता बिछाना आणि माणसांनी वाहून न्यायची पालखी. मग गोठ्यात जनावरांखाली पसरायचा पेंढा. एका वेतातली सगळी पिल्लं, तीही 'लिटर'. पेंढा घरभर विखुरतो, म्हणून अठराव्या शतकात विखुरलेला पसारा, आणि पुढे रस्त्यावर फेकलेला कचरा. आजारी माणसाला उचलून न्यायच्या डोलीलाही हेच नाव राहिलं.

लूकच्या शुभवर्तमानात (५:१८) काही माणसं पक्षाघाती माणसाला बिछान्यावर घालून येशूकडे आणतात. लॅटिन बायबलमध्ये तिथे हाच 'लेक्टुस' आहे.

सुरतेत कचरा हा शब्द हलका नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये पुरानंतर घाण आणि मेलेली जनावरं रस्त्यांवर सडत होती, प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. खानदेशातून पोटासाठी आलेली आपली माणसंही त्यांत होती. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. रस्ते रात्री झाडले जाऊ लागले, घाण करणाऱ्यांना दंड बसू लागला, आणि दोनेक वर्षांत सुरतेचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. रावांचं कौतुक सगळे करतात, आणि ते योग्यच आहे. पण झाडू ज्यांच्या हातात होता, साथीच्या दिवसांतही ज्यांनी ती घाण उचलली, त्यांतलं एक तरी नाव आपल्याला सांगता येईल का? मला येत नाही.

बिछाना वाहणाऱ्यांची नावं लूकही देत नाही. पण प्रभूने आधी पाहिला तो त्यांचा विश्वास, असं तो लिहितो.

पिशवी आम्ही कचरागाडीत टाकली नाही. चिठ्ठी काढली आणि पेंढा शेजारच्या तबेल्यात म्हशींखाली पसरला.