‘अर्स्टव्हाइल’ : गेलेल्या राज्याचा शब्द

आता ‘अर्स्टव्हाइल’ हा शब्द घेऊ. ‘अर्स्ट’ म्हणजे जुन्या इंग्रजीत सर्वांत आधी, ‘व्हाइल’ म्हणजे वेळ. अर्थ एवढाच : पूर्वीचा, माजी. इंग्लंडात तो जुनाट वाटतो; आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत मात्र सहज भेटतो, विशेषतः संस्थानांबद्दल. कोल्हापूर १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं. पुढे १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता गेली, तनखेही गेले. मग त्यांना म्हणायचं काय? ‘माजी आमदार’ आपण बिनदिक्कत म्हणतो. ‘माजी महाराज’ म्हणताना जीभ अडखळते. इंग्रजीत ती अडचण या शब्दाने भागवली : राज्य गेलं हेही सांगितलं आणि आबही राखला. घटनेने त्यांना आपल्यासारखं नागरिक केलं; मुजरा मात्र आपण शब्दात जपून ठेवला.