पूर आला की जलदुर्ग : वऱ्हाडातले बाळापूर

जलदुर्गांची चर्चा निघाली की जंजिरा, सिंधुदुर्ग, पद्मदुर्ग ही नावे ओघाने येतात आणि आम्ही वऱ्हाडकर गप्प बसतो. आमच्याकडे समुद्र नाही. आजच्या धाग्यात मात्र एक लहानसा हक्क सांगायचा आहे.

अकोल्याच्या पश्चिमेस सुमारे २६ किलोमीटरवर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात बाळापूरचा किल्ला उभा आहे. पुस्तकांत त्याची नोंद ‘भुईकोट’ अशी असते आणि उन्हाळ्यात ती खरीही वाटते. पण दोन्ही पात्रे भरली की एका बाजूचा अपवाद वगळता पाणी किल्ल्याला वेढा घालते. खंदक खणण्याचे काम येथे नद्यांनीच केले आहे. आतला कोट पंचकोनी, बाहेरचा दहा कोनांचा, प्रत्येक कोनावर बुरूज आणि वर उत्तम भाजलेल्या विटांचे काम. सह्याद्रीतील कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना हे विटांचे उंच तट प्रथम परके वाटतात. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने किल्ल्याचा प्रारंभ केला असे सांगतात. अचलपूरच्या इस्माईलखान नवाबाने तो १७५७ मध्ये पूर्ण केला.

म्हणजेच बाळापूरचे नाव ज्या लढाईशी जोडले गेले, त्या वेळी हा किल्ला आजच्या रूपात पुरा झालेलाच नव्हता. हा मुद्दा बहुतेक लेखांत निसटतो.

ती लढाई १७२० च्या ऐन पावसाळ्यातली. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूला सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान आणि त्याच्या मदतीला मराठी फौजा. पूर्णा दुथडी भरून वाहत होती. निजामाने वरच्या अंगाला सरकत वऱ्हाडात उतार शोधला आणि नदी ओलांडली. पुढे बाळापूरजवळ आलमअलीखान मारला गेला. १७१९ च्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांमागील वाटाघाटींत ज्यांचा मोठा हात होता, ते शंकराजी मल्हार जखमी होऊन निजामाच्या हाती सापडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला निजामाने मुबारिजखानाचाही पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया पक्का झाला. वऱ्हाडात पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली चालली. एकाच शेतकऱ्याच्या महसुलावर दोन धनी. पालखेडवर आपण भरभरून लिहितो, पण बाळापूरला पराभव म्हणून वळसा घालतो. निजाम दख्खनेत कसा रुजला हे समजून घ्यायचे असेल तर तो वळसा परवडणारा नाही.

गावाच्या दक्षिणेस नदीच्या उंच काठावर काळ्या दगडाची छत्री आहे, मिर्झाराजे जयसिंगांची. चौरस बैठक २५ फूट, उंची सुमारे ३३ फूट. ‘छत्री’ या शब्दामुळे अनेकजण तिला त्यांची समाधी समजतात, समाजमाध्यमांवर तसे मथळेही फिरतात. मिर्झाराजांचा मृत्यू १६६७ मध्ये बऱ्हाणपूरला झाला आणि त्यांची स्मारक-छत्रीही तिकडेच आहे. बाळापूरची छत्री त्यांनी स्वतः बांधवलेली. पुरंदरचा तह घडवून आणणारा हा सेनापती या काठावर थांबला होता, एवढे मनात धरून तिथे बसावे.

हाताशी वेळ असेल तर दक्षिणेला सुमारे १० किलोमीटरवरचे शहापूरही पाहावे. १५९६ मध्ये वऱ्हाड अहमदनगरकडून मोगलांकडे आल्यावर अकबराचा मुलगा मुराद याने ते वसवले. १५९९ मध्ये तो वारला आणि त्याच्या वाड्याचे दिवस तिथेच संपले.

जाणार असाल तर श्रावणात जा. नदीला पाणी असेल आणि किल्ला आधी पलीकडच्या काठावरून पाहता येईल. आत नंतर शिरा.