बंदुकीचें दान व शस्त्रांचा कायदा

जुन्या दप्तरांच्या शोधार्थ हिंडणाऱ्या संशोधकास कागदांबरोबर शस्त्रेंहि आढळतात. देवघरांत तरवार पुजलेली असते आणि माळ्यावर एखादी तोड्याची अगर ठासणीची बंदूक गंजत पडलेली असते. रुमाल बांधून होतांच यजमान मोठ्या मनानें म्हणतात, “कागद नेतांच आहां, तर हीहि घेऊन जा.” असें दान देण्याघेण्यास कायद्याची मोकळीक आहे काय, हा प्रश्न आपल्यापैकीं अनेकांपुढें येतो. त्याचा पूर्वेतिहास येथें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

पेशवाईंत शस्त्र देणें हा सन्मानाचा व्यवहार होता. वस्त्रें, घोडा, ढाल-तरवार मानकऱ्यांस दिल्याच्या नोंदी दप्तरांत सांपडतात. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें या व्यवहारास वेसण घातली. १८६० सालीं एकतिसावा कायदा झाला व पुढें लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा अकरावा कायदा आला.

या १८७८ च्या कायद्याचें पांचवें कलम बारकाईनें वाचण्याजोगें आहे. स्वतःच्या उपयोगासाठीं कायदेशीरपणें बाळगलेलें हत्यार, ज्यास तें बाळगण्याची मनाई नाहीं अशा मनुष्यास विकण्यास त्यांत मुभा होती. मात्र विक्रीनंतर विनाकारण विलंब न लावतां जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास घेणाऱ्याचें नांव व पत्ता कळवावा लागे. म्हणजे खबर मागाहून द्यावयाची. आणि या सवलतीच्या शब्दांत विक्रीचा उल्लेख आहे, दानाचा नाहीं.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानें ही उणीव भरून काढली. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्यांतील ‘हस्तांतर’ या शब्दाच्या व्याख्येंत भाड्यानें देणें, उसनें देणें, दान करणें व ताबा सोडणें हें सर्व येतें. खबरेचा क्रमहि उलटला. परवाना लागणारी बंदूक दुसऱ्यास द्यावयाची तर आधीं लेखी कळवावें व त्यानंतर निदान ४५ दिवस जाऊं द्यावे, असा आज नियम आहे. घेणाऱ्याजवळ स्वतःचा परवाना हवा तो वेगळाच. पुत्र, बंधु वा स्नेही म्हणून यांत सूट नाहीं. आणि स्नेह्याकडे चार दिवस ठेवावयास देणें हेंहि हस्तांतरच होय.

वारसांची सोय मात्र २०१६ च्या नियमांत केलेली आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसास परवाना मिळूं शकतो. धारकाच्या हयातींतहि, त्यास ७० वर्षें झालीं अगर बंदूक त्याजपाशीं २५ वर्षें राहिली, यांपैकीं जें आधीं घडेल त्यानंतर, त्यानें नेमलेल्या वारसास तो देतां येतो. २०१९ च्या दुरुस्तीनें वारसाहक्कानें येणाऱ्या बंदुकाहि दोनांच्या मर्यादेंत बसविल्या. ज्या घराण्यांत तीनचार बंदुका पिढीजात आहेत, तेथें एकाच्या नांवावर सारा संग्रह राहणें यामुळें कठीण झालें.

जुनी वस्तु म्हणून सारेंच माफ, हा समज मात्र घातक आहे. १९५९ च्या कायद्यांतून जुन्या घडणीचें हत्यार सुटतें तें दुरुस्ती करूनहि चालण्याजोगें नसेल तरच. २०२० मध्यें क्युरिओ म्हणून गणलेलीं लहान शस्त्रें केवळ बाळगण्यास परवाना लागेनासा झाला; परंतु तीं वापरण्यास किंवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्यास तो लागतोच. तेव्हां यजमानांच्या माळ्यावर जी बंदूक निर्दोष आहे, तीच संशोधकाच्या हातीं वाटेवर गुन्ह्यास कारण होऊं शकते.

या भीतीनें पुष्कळ घराणीं बंदुका दडवितात किंवा मोडींत घालतात, आणि नळीवरील नांव, शक व कारागिराची खूण त्यांबरोबर नष्ट होते. म्हणून बंदुकीस हात लावण्यापूर्वीं ती जागच्या जागीं पाहून लेख उतरून घ्यावा, मोजमाप टिपावें आणि यजमानांस आधीं लेखी खबर देण्यास सांगावें. जुने परवाने व खबरेचे अर्जहि जपून ठेवावे. बंदूक कोणाकडून कोणाकडे गेली याची तारीखवार साक्ष त्यांतच मिळते, आणि शस्त्राचा इतिहास लिहिणारास याहून विश्वसनीय कागद क्वचितच लाभतो.