पुतळा आपला, मग घडवणारे हात कोणाचे?

14 एप्रिल जवळ आला की अमरावतीच्या इर्विन चौकाकडे आणि अकोल्याच्या अशोक वाटिकेकडे माणसांची रीघ लागते. त्याआधी कित्येक दिवस छोट्या कार्यशाळांत रात्री जागवून स्वागत कमानी, नामफलक, स्तूपाचे देखावे आणि फायबरचे पुतळे तयार होत असतात. कोनशिलेवर मात्र आपण उद्घाटकाचे, समितीचे, देणगीदारांचे नाव कोरतो. घडवणाऱ्याचे नाव बहुतेकदा राहून जाते. हा विसर निरागस नाही, असे आमचे म्हणणे आहे.

आपला बौद्ध वारसा काय सांगतो? सांचीच्या दक्षिण तोरणावर इ.स.पू. पहिल्या शतकातला लेख आहे. शातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुकादम आनंद याने ते दान दिले, असे त्यात कोरले आहे. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी नक्षीकाम केल्याचीही नोंद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कारागीर आपले नाव ताठ मानेने दगडावर कोरत होता.

पाचव्या शतकात वत्सगुल्मच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, वाकाटकांच्या काळात अजिंठा बहरला. 1998 पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. लेणी क्रमांक 16 च्या लेखातून राजा हरिषेण आणि मंत्री वराहदेव आपल्याला कळतात. छिन्नी चालवणारे कळत नाहीत.

हाताने राबणारा खालचा, हे जातिव्यवस्थेने पुढे आपल्या हाडीमाशी रुजवले. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडले होते.

9 डिसेंबर 1950 रोजी भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीतच उभा राहिला. 2 एप्रिल 1967 रोजी संसदेच्या आवारात पुतळा बसला, त्याचे शिल्पकार ब. वि. वाघ. दिल्लीतल्या पुतळ्याच्या शिल्पकाराची नोंद आहे, गावातल्या पुतळ्याच्या कारागिराची कुठे आहे?

त्याचे काम बघा. आधी शाडूचा नमुना, त्यावर प्लास्टरचा साचा, साच्यात रेझिन आणि काचतंतूंचे थर. मग ग्राइंडरने घासायचे, पुट्टी भरायची, रंग द्यायचा. काचेची धूळ कातडीत रुतते, रेझिनच्या वाफेने डोके भणभणते. तोंडाला बहुधा फक्त रुमाल असतो.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून 1946 मध्ये कारखान्यातील कामाचे आठवड्याचे कमाल तास 54 वरून 48 वर आले. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेसाठी किमान 10 कामगारांची अट घातली. चार-पाच जणांची कार्यशाळा त्या अटीबाहेरच राहिली. बाबासाहेबांचा पुतळा घडवणाऱ्या हातांपर्यंत बाबासाहेबांनी मिळवून दिलेले संरक्षणच पोहोचले नाही!

काही जण म्हणतील, "पैसे दिले, विषय संपला." वेठबिगारीविरुद्ध लढलेल्या समाजाला ही भाषा शोभत नाही. शिवाय जयंतीनंतर महिनोन्महिने थकणारी उधारी आपल्याला माहीत आहेच.

म्हणून जयंती समित्यांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. कारागिराचे नाव कोनशिलेवर कोरा. काम हाती मिळताच पूर्ण पैसे द्या. करार करताना मास्क, हातमोजे आणि हवेशीर जागेचा खर्च धरा. आणि आपल्या गावचा पुतळा कोणी, कधी, कशात घडवला हे जुन्या माणसांकडून लिहून घ्या. ती माणसे गेली की तो इतिहासही जाईल.

सांचीला जे जमले, ते आपल्या चौकात जमायला काय हरकत आहे?

जय भीम!